शेवटचा फर्मा

८ जानेवारी

चिमे,

तू मागितलेलं पुस्तक वेगळ्या पुडक्यातून पाठवलं आहे. पुडकं उघडताना कात्री जपून चालव, आतला पुठ्ठा नवा आहे. दुकानातून आणलं तेव्हा शिलाई इतकी ढिली होती की तुझ्या हातातच पानं सांडली असती. बक्षीस मिळाल्यावर घाईघाईनं छापलेली पुस्तकं अशीच, अर्ध्या बांधलेल्या नाड्यांचे बूट घालून निघाल्यासारखी. म्हणून सगळे फर्मे सुटे केले, पुन्हा शिवले आणि वर निळं कापड चढवलं. सोळा सोळा पानांचे ते गठ्ठे हातात घेतले की अजून बरं वाटतं. बांधणीच्या कामातून मी निवृत्त झालो, पण बोटांना ते कोणी कळवलेलं नाही.

खरं सांगायचं तर हे पुस्तक तू मागशील असं वाटलं नव्हतं. तुझ्या भुंग्याचं जहाज बुडाल्यापासून तू समुद्राच्या बाजूची खिडकीसुद्धा उघडत नाहीस, असं सूनबाईनं मागे कळवलं होतं. आणि आता लिहितेस, रेडिओवर त्या कादंबरीचं ऐकलं, होडीत माणसं कशी राहतात ते मला वाचायचंय. कंपनीनं सगळे गेले म्हणून कळवलं, पण एक होडी सापडली नाही, हे तू प्रत्येक पत्रात लिहितेस. मी ते वाचतो आणि पुढच्या ओळीवर जातो.  भुंगा पाळण्यात होता तेव्हापासून गुणगुणायचा, ते नाव मीच ठेवलं. 

इथे वाचनालयाच्या शनिवारच्या बैठकीत याच पुस्तकावरून सध्या नुसती हाणामारी चालली आहे. एरवी पाच जण येतात, त्यातले दोघं पंख्याखाली बसायला. आता खुर्च्या कमी पडतात. गोष्ट तशी साधी आहे. मालाचं जहाज बुडतं आणि एका होडीत दोघंच उरतात, एक म्हातारा स्वयंपाकी आणि इंजिनाच्या खोलीत काम करणारा एक तरुण पोरगा. पुढे पाणी, ऊन आणि तहान. आमचे दातवाले डॉक्टर म्हणाले, "इतके दिवस असं खाऊन राहिलेल्या माणसाच्या हिरड्यांतून रक्त यायला हवं. लेखकानं हिरड्यांकडे साफ दुर्लक्ष केलंय." त्यावर निवृत्त पोस्टमास्तर उखडले. "अहो डॉक्टर, तो तिकडे बुडतोय आणि तुम्ही त्याला आ करायला काय सांगता!" भूगोलाच्या बाई नकाशा घेऊन आल्या होत्या. त्यांचं म्हणणं, त्या महिन्यात तिथला वारा त्या दिशेनं वाहतच नाही, होडी उलटीकडे जायला हवी होती. मी म्हटलं, "बाई, ती होडी तुमच्या वर्गात नव्हती." सगळे हसले आणि मग बाईंनी घाईनं नकाशा गुंडाळला. भुंग्याचं त्यांना माहीत आहे ना.

तर वाच. मधली पानं जड आहेत, नेटानं वाच. शेवट चांगला आहे.

दादा

२९ जानेवारी

दादा,

पुस्तक पोचलं, वाचून झालं आणि आता दुसऱ्यांदा चाललं आहे. निळं कापड छान दिसतं. इथे हॉस्पिटलच्या शिवणखोलीत सगळ्यांनी ते हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. मुकादमीण म्हणाली, "तुझ्या भावाचा टाका आपल्यापेक्षा सरळ आहे गं," आणि तिच्या तोंडून कौतुक म्हणजे तुला कल्पना आहे.

जेवणाच्या सुट्टीत मी मोठ्यानं वाचायचे. बाकीच्या चादरींना ठिगळं लावता लावता ऐकायच्या. तुमच्या बैठकीपेक्षा आमची बैठक काही कमी नाही हं. तो पोरगा पावसाचं पाणी धरायला स्वतःचा शर्ट फाडून त्याची पन्हळ करतो ना, तिथे मुकादमीण मला थांबवून म्हणाली, "आडवा फाडला की उभा?" मी म्हटलं, लिहिलेलं नाही. "आडवा फाडला असेल तर सगळं पाणी गळणार. लेखकाला विचारायला पाहिजे." इस्त्रीवाली म्हणाली, "विचार, विचार, तो बसलाच आहे तुझ्या पत्राची वाट बघत." पण स्वयंपाकी त्या पोराला नुसत्या शब्दांनी जेवण वाढतो ते पान आलं, हे वाटीत आमटी, हे वर लिंबू, अजून घे म्हणून आग्रह करतो आणि होडीत तर कण नसतो, तेव्हा इस्त्रीवालीची एक चादर जळली.

आणि मग तो शेवट. दोघांनी उजेड पाहिला. उजेड सरकत होता, म्हणजे तारा नव्हे, जहाज. स्वयंपाकी पोराला सांगतो, डोळे उघड, आले बघ. आणि शेवटची ओळ, "दोर खाली आला." बस. इस्त्रीवाली म्हणाली, "अगं, एवढ्यात संपलं? पुढे घरी गेले की नाही?" मी म्हटलं, गेलेच असणार, दोर खाली आल्यावर कोण राहील? ती म्हणाली, "ही बक्षीसवाली पुस्तकं अशीच, ऐन वेळी दिवा मालवतात." पण मला तो शेवट फार आवडला. पुढचं सांगायची गरजच काय.

दादा, तुला काय सांगू, माझ्या छातीवरचा दगड उतरला. इतके दिवस मला वाटायचं, होडी म्हणजे काय, एक लाट आली की संपलं. आता कळलं, माणूस तग धरतो. पाणी धरता येतं, मासा पकडता येतो, ऊन चुकवता येतं. भुंगा तर हाताचा किती हुशार. इंजिनावरचाच तो. एखाद्या जहाजानं उचलला असेल, लांबच्या कुठल्या बंदरात आजारी पडून असेल, नाव विसरला असेल. असं होतं.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली होती. सूनबाई ज्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायला जाते, तिथला एक कारागीर आहे. बायको वारलेली, मूलबाळ नाही, माणूस अबोल, नखं स्वच्छ. तो मागे घरी येऊन गेला होता. "काकू, तुमच्या मनाविरुद्ध मला काही करायचं नाही," असं सुरुवातीलाच म्हणाला. मी तेव्हा जवळजवळ हो म्हणणार होते. कंपनीचा तो कागद आहे ना, भुंगा गेला असं लिहून आईनं आणि बायकोनं दोघींनी सही करायचा, त्याच्याशिवाय सूनबाईला दुसरं लग्न करता येत नाही. तोसुद्धा मी काढून ठेवला होता. परवा तो पुन्हा आला. मी सांगितलं, "तिचा नवरा यायचा आहे. चहा घेऊन जा." त्यानं चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि गेला.

बरं झालं तू पुस्तक पाठवलंस. नाहीतर मी माझ्या हातानं केवढी चूक करून बसले असते.

तुझी चिमी

१० फेब्रुवारी

चिमे,

पत्र वाचून माझा घास हातातच राहिला.

तुला बरं वाटलं याचा आनंद आहे. पण अगं, कादंबरी म्हणजे कोणीतरी कोरड्या कपड्यांत, टेबलाशी बसून, मध्ये उठून चहा घेऊन लिहिलेली गोष्ट. तिच्यावर विसंबून चालत्याबोलत्या माणसाला दारातून परत पाठवायचं? सूनबाईचं वय काय, तिनं काय आयुष्यभर चष्म्याच्या काचा घासत बसायचं? त्या कारागिराबद्दल तू दोन ओळी लिहिल्यास, त्यावरून माणूस बरा वाटतो. कप विसळून ठेवणारे पुरुष आपल्या घरात तरी कोणी झाले नाहीत. तुझी वहिनी हयात होती तोवर मी स्वतःही नाही.

आणि त्या पुस्तकाला इतकं डोक्यावर घेऊ नकोस. बैठकीत तर त्याच्या चिंध्या चालल्यात. दातवाले डॉक्टर म्हणतात, मधला भाग दोनदा लिहिल्यासारखा आहे. या शनिवारी पोस्टमास्तर आणि भूगोलाच्या बाई इतक्या जोरात भांडले की बाहेरच्या खोलीतून वर्तमानपत्रवाले आत डोकावले. पोस्टमास्तरांचं म्हणणं, स्वयंपाक्यानं त्या आईच्या दारात जाऊन सांगून टाकलं तेच बरोबर, टपाल वाईट आहे म्हणून कोणी ते परत नेत नाही. बाई म्हणाल्या, "तिच्या पदरात काय पडलं? तुम्ही टपाल टाकून सायकलवर टांग मारून निघून जाणार, पुढे त्या घरात राहायचं कोणाला आहे?" मी मध्ये पडलो नाही. मला दोघांचंही पटत होतं, त्यामुळे खुर्चीत नुसता चुळबुळत राहिलो.

तेव्हा पुस्तक आता कपाटात ठेव. त्या माणसाला एकदा पुन्हा घरी बोलाव. मी सांगतो म्हणून बोलाव.

दादा

१९ फेब्रुवारी

दादा,

कुठली आई? कुठलं दार?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पुस्तकही पुन्हा चाळलं. स्वयंपाकी होडीत बसतो तो शेवटपर्यंत होडीतच आहे. तो कोणाच्या दारात जात नाही. पोराची आई येते ती नुसती बोलण्यात, तिला नीट ऐकू येत नाही म्हणून तो ओरडून बोलायचा, एवढंच. मुकादमीण म्हणाली, तुझ्या भावाची बैठक झोपेत भरते. मी हसले, पण मनात किडा वळवळतोय. तुम्ही लोक दुसरंच पुस्तक वाचताय का? की तुझं दोन पुस्तकांत काही एक झालंय? तसं असेल तर सरळ सांग, तुझ्या वयाचा मान राखून मी कोणाला सांगणार नाही.

सूनबाईची काळजी करू नकोस. मी तिला रोज संध्याकाळी थोडं वाचून दाखवते. ऐकते बिचारी. काल म्हटलं, भुंग्याचे शर्ट पेटीत कुबट झाले असतील, उन्हात टाक. तिनं टाकले, वाळल्यावर घड्या करून ठेवले. मुलगी गुणी आहे, तोंडातून शब्द काढत नाही. त्याची खाटही आम्ही खिडकीजवळ घेतली. हो, त्याच खिडकीजवळ. आता मी ती उघडते.

त्या कारागिराचं नाव पुन्हा काढू नकोस. माझा मुलगा दोराला धरून वर येतोय आणि तू मला दोर सोडायला सांगतोस. भाऊ आहेस की कोण?

दाराचं काय ते कळव.

चिमी

२४ फेब्रुवारी

मामा,

मी तुम्हाला पत्र लिहिलेलं आईंना माहीत नाही. उत्तर देणार असाल तर दुकानाच्या पत्त्यावर द्या, खाली लिहिला आहे.

ते पुस्तक मी पूर्ण वाचलं आहे. तुमचं पुस्तक घरी यायच्या आधीच. दुकानातल्या कारागिरांनी मला त्यांचं दिलं होतं. देताना म्हणाले, "शेवट अवघड आहे, नको वाटलं तर तिथे थांबा." मी थांबले नाही. दोर खाली येतो, त्याला एकच हात लागतो, तो स्वयंपाक्याचा. पोरगा त्याच्या मांडीवर आधीच गेलेला असतो आणि स्वयंपाकी मेलेल्या माणसाला उजेड दाखवत असतो. मग शेवटची सोळा पानं तो त्या पोराच्या आईकडे जातो आणि तिला सांगतो, आता वाट बघू नका.

आईंच्या पुस्तकात ही पानं नाहीत. पहिल्यांदा मला वाटलं, छापखान्याची चूक. मग लक्षात आलं, मामा पुस्तकं बांधतात.

मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही मायेनं केलंत. पण आई मला रोज "दोर खाली आला" इथपर्यंत वाचून दाखवतात आणि पुस्तक मिटून माझ्या तोंडाकडे बघतात. मला हसावं लागतं. आता ते हसणं माझ्या गालाला सवयीचं झालं आहे. दुकानात गिऱ्हाइकाला चष्मा लावून बघतानासुद्धा मी तशीच हसते, असं मालक म्हणाले.

मी सांगू शकत नाही. मी सांगितलं तर त्या म्हणतील, तुला जायचंय म्हणून तू माझ्या पोराला मारतेस. आणि मामा, ते अगदी खोटंही नाही. मला जायचं आहे. तुमच्या भाच्यावर माझी माया नव्हती असं समजू नका. पण लग्नानंतर ते घरी होते त्यापेक्षा पाण्यावर जास्त होते. त्यांचा आवाज मला आता नीट आठवत नाही. गुणगुणणं आठवतं, कोणतं गाणं ते आठवत नाही. मी त्यांच्यासाठी रडले, खूप रडले, आणि मग रडणं संपलं. आईंचं ते सुरूच झालं नाही. त्यांनी ते उचलून बाजूला ठेवलं आहे आणि ते संपल्याशिवाय मला घराबाहेर पाऊल टाकता येत नाही.

कारागीर मार्चच्या अखेरीस दुसऱ्या शहरात जाणार आहेत. तिथे त्यांना दुकान चालवायला मिळालं आहे. मला त्यांनी एका शब्दानं आग्रह केला नाही. त्यानं जास्त त्रास होतो.

ती पानं पाठवा. एवढंच मागणं आहे.

तुमची सून

१२ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. तब्येत बरी आहे ना? बोटं दुखत असतील तर कोणाकडून दोन ओळी लिहून घे. दाराचं विचारलं म्हणून रागावलास का? मी सहज विचारलं होतं.

इस्त्रीवालीनं तुझ्यासाठी एक प्रश्न पाठवलाय. होडीत एवढे दिवस राहून त्यांची दाढी किती वाढली ते लेखकानं लिहिलं नाही, ते तुमच्या डॉक्टरांना माहीत असेल का?

चिमी

२७ मार्च

चिमे,

सोबत सोळा पानं आहेत. पातळ कागदात गुंडाळली आहेत. आधी हे पत्र वाच, मग ती.

ती तुझ्या पुस्तकाची शेवटची पानं आहेत. मी काढून ठेवली होती. तब्येत ठीक आहे, बोटं ठीक आहेत. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून ही पानं रोज टेबलावर काढायचो आणि रोज परत आत ठेवायचो. माझ्या या चालढकलीनं किती नुकसान झालं ते तुला पुढे कळेलच.

पुस्तक शिवायला घेतलं तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. फर्मे ओळीनं लावत होतो. शेवटून दुसरा फर्मा हातात आला आणि सहज खालची ओळ वाचली, "दोर खाली आला." पुढे पूर्णविराम. चिमे, आयुष्यभर हे काम केलं, फर्मा असा पूर्णविरामावर क्वचितच संपतो. वाक्य मधेच तुटतं आणि उरलेलं पुढच्या फर्म्यात जातं. एखादा शब्द जरी तिथे लोंबकळत राहिला असता तरी माझा हात थांबला असता. पण सगळं कसं नीट, मिटलेलं. मला वाटलं, पुस्तकच सांगतंय, इथे थांब. पुठ्ठा लावला, कोरं पान चिकटवलं, काम संपलं. तुला वाचताना समाधान मिळेल, एवढाच हिशेब. त्या समाधानाचं तू पुढे काय करशील, हे माझ्या टाळक्यात आलं नाही.

आत काय आहे ते सांगतो, म्हणजे एकटी असताना अंगावर यायला नको. दोर खाली येतो तेव्हा पोरगा नसतो. आधीच गेलेला असतो. स्वयंपाकी एकटाच वर जातो आणि बरा झाल्यावर त्या पोराच्या आईचं घर शोधत जातो. तिला ऐकू कमी येतं. त्यामुळे त्याला ते ओरडून सांगावं लागतं. शेजारचे खिडकीत येतात. दोनदा सांगावं लागतं.

बैठकीत मी काल सगळ्यांना सांगितलं. पोस्टमास्तर माझ्याकडे बघेनात. म्हणाले, "टपाल फोडून त्यातला अर्धा मजकूर काढून घेणारा माणूस आमच्या खात्यात दुसऱ्या दिवशी घरी बसला असता." बरोबर आहे त्यांचं. डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि विषय बदलला. भूगोलाच्या बाई मात्र मला सोडायला जिन्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, "मीही काढली असती हो." त्यानं मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तू माझ्याशी बोलू नकोस, पत्र लिहू नकोस, जे वाटेल ते कर. फक्त पोरीला अडवू नकोस. तिला त्या कागदावर तुझी सही हवी आहे. आणि तो माणूस या आठवड्यात गाव सोडतो आहे.

दादा

२१ एप्रिल

दादा,

पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण तुला हे दुसऱ्या कोणाकडून कळायला नको.

पानं आली त्या दिवशी मी सूनबाईला समोर बसवलं आणि मोठ्यानं वाचली. पहिल्या पानावरच माझा आवाज गेला. ती पाणी आणायला उठली नाही. तिचे हात मांडीवर होते आणि ती माझ्याकडे बघत होती, पानांकडे नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा चेहरा तसा नसतो, दादा. शिवणखोलीत मी इतक्या जणींना वाचून दाखवलंय, मला कळतं. मी विचारलं, "तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "हो." मी विचारलं, "कधीपासून?" ती म्हणाली, "आई, पुढचं वाचा." मग पुढचं तिनंच वाचलं. दोनदा सांगावं लागतं तो भाग तिनं दोनदा वाचला नाही, पण मला तो दोनदाच ऐकू आला.

रोज मी तिच्यापुढे ते पुस्तक उघडून बसत होते. ती हसत होती आणि मला वाटायचं, पोरीला आशा वाटतेय.

कारागीर त्याआधीच गेला होता. तुझं पत्र पोचायच्या आदल्या दिवशी. जाताना पत्ता ठेवून गेला. सूनबाई म्हणते, वाट बघेन म्हणालेत. बघेलही. वाट बघण्याबद्दल मी आता कोणाला काही सांगावं अशी राहिले नाही.

तुझ्यावर राग आहे. तू ती पानं काढलीस त्याचा कमी आहे. मला ती सोसणार नाहीत असं तू धरून चाललास त्याचा जास्त. आपले आईवडील गेले तेव्हा तू बाहेर उभा होतास, आत मी होते. हे तू विसरलास. असो. राग आहे म्हणून तुटलेलं नाही. पुस्तकं पाठवत जा.

आता खरं सांगायचं ते. काल आम्ही दोघी कंपनीच्या कचेरीत गेलो. तो कागद घेऊन. खिडकीमागे एक मुलगी होती, सूनबाईच्या वयाची, बोलायला चांगली. आम्हाला आत बोलावून खुर्च्या दिल्या. सूनबाईनं सही केली. मी पेन हातात घेतलं, तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "काकू, एक रकाना राहिलाय. तारीख."

मी म्हटलं, आजची घाल.

ती म्हणाली, "सहीची नाही हो. ते गेल्याची. जहाज बुडाल्याची तारीख आमच्याकडे आहे. पण होडी सापडली नाही, म्हणून काही घरचे लोक ती तारीख लावत नाहीत, पुढची सांगतात. नियमात दोन्ही चालतं. तुम्ही म्हणाल ती लिहिते."

सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "आई, तुम्ही सांगा." आणि मान खाली घातली.

दादा, इतके दिवस मी त्या एका होडीवर जगले. कोणी काही म्हटलं की मी होडी पुढे करायची. पण ते पुस्तक मी इतक्या वेळा मोठ्यानं वाचलंय की त्यातली पानं मला न बघता म्हणता येतात. जीभ सुजून तोंडात मावत नाही ते पान. बसून बसून अंगाला जखमा होतात आणि त्यात खारं पाणी जातं ते पान. नुसत्या शब्दांनी आमटी वाढण्याचं पान. पोरगा आईला ओरडून हाक मारतो, तिला ऐकू कमी येतं म्हणून, ते पान. हे सगळं मी सुट्टीत, ठिगळं लावणाऱ्या बायकांपुढे, शेवट चांगला आहे या भरवशावर वाचत होते. त्या भरवशावर मी माझ्या पोराला त्या होडीत बसवलं होतं आणि रोज संध्याकाळी पुन्हा बसवत होते.

मी त्या मुलीला म्हटलं, "जहाज बुडालं तीच तारीख लिही."

ती म्हणाली, "नक्की ना, काकू? नंतर बदलता येणार नाही."

मी म्हटलं, "नक्की. तो होडीपर्यंत पोचला नाही."

तिनं लिहिलं. मी सही केली. बाहेर आल्यावर सूनबाई पायरीवर बसली आणि खूप रडली, आणि मी तिच्याजवळ उभी राहून एवढंच मागत होते की मी सांगितलं ते खरं असू दे.

चिमी